नदीच्या वाळूतील पिठी सोने आणि हलकी पन्हळ

रांचीच्या पठारावर उगम पावून झारखंड, पश्चिम बंगाल आणि ओडिशा या राज्यांतून वाहत बंगालच्या उपसागरास मिळणाऱ्या सुवर्णरेखा नदीचे नाव केवळ काव्यमय नाही. तिच्या व तिच्या काही उपनद्यांच्या वाळूत सोन्याचे कण खरोखरच सापडतात. व्हॅलेंटाइन बॉल या भूवैज्ञानिकाने सिंहभूममधील सोन्याविषयीची आपली निरीक्षणे १८६९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. परंतु त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तेथील रहिवासी पावसाळ्यानंतर नदीच्या पात्रात उतरून वाळू धूत आले आहेत. जशपूर भागातून वाहणारी ईब, केरळात निलंबूरजवळची चालियार, आसामातील सुबनसिरी या नद्यांची कथाही अशीच आहे. आसामातील सोनोवाल कछारी या जमातीचे नावच सोने धुण्याच्या व्यवसायावरून पडले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात ‘सोनझारा’ या सोने धुणाऱ्या लहानशा जातीची स्वतंत्र नोंद आहे. मराठी वाचकास ‘झारेकरी’ हा शब्द परिचित असेल. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुवून त्यातील सोने वेगळे करणारा तो झारेकरी. त्याची आणि नदीतील सोनझाऱ्याची विद्या मूलतः एकच होय.

या विद्येचे मुख्य साधन म्हणजे लाकडाची उथळ काठवट. तीत वाळू व पाणी घेऊन विशिष्ट हिसक्याने फिरविले म्हणजे हलकी वाळू काठावरून वाहून जाते व जड द्रव्ये तळाशी राहतात. सुपात धान्य पाखडताना गृहिणीचे मनगट जे करते, तेच येथे हवेऐवजी पाण्याच्या साहाय्याने केले जाते. काठवटीची अचूकता मोठी आहे. निष्णात हातातून डोळ्यास दिसणारा कण सहसा निसटत नाही. तिची उणीव निराळीच आहे. दिवसभर उन्हात, गुडघाभर पाण्यात वाकून एका माणसाने धुतलेली वाळू शेवटी थोडीच भरते, आणि एवढ्याशा वाळूतून मिळणाऱ्या सोन्यावर दिवसाची मजुरी सुटेलच अशी शाश्वती नसते. अधिक वाळू धुवावी म्हणून हात घाईने चालविला, तर जे प्रथम निघून जाते ते अतिसूक्ष्म सोने. यालाच येथे पिठी सोने म्हटले आहे.

हे सोने किती सूक्ष्म असते याची कल्पना थोड्या हिशेबाने येईल. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी बाजू असलेला शुद्ध सोन्याचा घन घेतला, तर त्याचे वजन एक मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाहूनही किंचित कमी भरते. असे सुमारे बावन्न हजार कण जमले म्हणजे एक ग्रॅम होतो. एका तोळ्यासाठी सहा लाख कण लागतील. नदीतील कण मात्र घनाकार नसतात. दगडगोट्यांत कुटून निघाल्यामुळे ते वर्खासारखे चपटे होतात. त्यांची जाडी रुंदीच्या पाचव्या भागाइतकी धरली, तर एक गुंज सोने मिळविण्यासाठीच तीस हजारांवर कण पकडावे लागतील. इतके कण एकेक करून हाताने पकडणे अर्थातच शक्य नाही. त्यासाठी वाळू सतत वाहती ठेवणारे साधन हवे, आणि ते माणसाच्या पाठीवरून नेता येण्याइतके हलकेही हवे. कारण प्रत्येक पुराबरोबर सोन्याची जागा बदलते. गेल्या वर्षी जेथे चार कण होते तेथे या वर्षी नुसते गोटे असतात. ओल्या वाळूचा एक घनमीटर जवळजवळ दोन टन भरतो. तेव्हा वाळू यंत्राकडे नेण्यापेक्षा यंत्रच वाळूकडे नेणे भाग पडते.

सोने बुडते, पण किती वेळात?

सोने जड आहे, म्हणून ते तळाशी जाते, असे आपण सहज म्हणतो. हे विधान पिठी सोन्याच्या बाबतीत अपुरे आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, गारगोटीच्या वाळूची २.६५ पट. पाण्यात बुडालेला प्रत्येक पदार्थ आपल्या आकारमानाइतक्या पाण्याचे वजन गमावतो, म्हणून पाण्यातील तुलना १८.३ आणि १.६५ यांची, म्हणजे सुमारे अकरास एक अशी होते. मोठ्या कणांच्या बाबतीत याचा अर्थ असा की सोन्याचा दाणा आपल्याहून अकरा पट व्यासाच्या गारगोटीच्या खड्याबरोबरीने खाली जातो.

कण फार बारीक झाला म्हणजे मात्र पाण्याचा चिकटपणा प्रभावी ठरतो. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार अशा कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेग एक चतुर्थांशावर येतो. या अवस्थेत सोन्याचा कण आपल्याहून केवळ साडेतीन पटींच्या आतबाहेर व्यासाच्या वाळूच्या कणाची बरोबरी करू शकतो. पूर्वीची अकरा पटींची सवलत येथे संपते. कण चपटा असेल तर पाण्यावर तो झाडाच्या पानासारखा हेलकावे घेत उतरतो व आणखी मागे पडतो. त्यातच सोन्याच्या पृष्ठभागास हाताचे वा वनस्पतींचे किंचित तेल लागले, तर तो पाण्याने भिजतच नाही. पृष्ठताणाच्या बळावर चक्क तरंगत निघून जातो. अशा वेळी पाण्यात साबणाचे एक-दोन थेंब टाकले की तरंगणारे कण भिजून खाली बसतात. उपाय इतका क्षुल्लक आहे की कित्येकांना तो सांगूनही पटत नाही.

वरील विवेचनातून दोन गोष्टी सरळ निघतात. वाळूचे कण शक्य तितके एकसारखे असावेत, म्हणजेच वाळू आधी चाळून घ्यावी. आणि पाण्याचा थर शक्य तितका पातळ असावा. पुढील सर्व रचना या दोन नियमांवर उभी आहे.

चाळणी

पन्हळीत टाकण्यापूर्वी वाळू दोन ते तीन मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून पाण्याखाली चाळावी. मोठा खडा पन्हळीत शिरला, तर त्याला पुढे ढकलण्यासाठी जोराचा प्रवाह लागतो, आणि तोच प्रवाह पिठी सोने वाहून नेतो. चाळणीसाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. बादलीच्या तोंडावर बसेल अशी लाकडी चौकट व तिला ठोकलेली तारेची जाळी एवढे पुरे. मातीची ढेकळे मात्र बोटांनी पूर्णपणे फोडली पाहिजेत. चिकणमातीचा गोळा पन्हळीतून घरंगळत जाताना वाटेतील सोन्याचे कण स्वतःला चिकटवून घेऊन बाहेर पडतो. मिळविलेले सोने असे परत नदीला देण्याचा प्रकार फार सर्रास घडतो.

पन्हळीची मापे

पन्हळ म्हणजे दोन्ही टोके उघडी असलेला लांबट, सपाट तळाचा खोका. एक मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच कडांची पन्हळ एका माणसास पुरेशी होते. तिच्यासाठी लागणाऱ्या पत्र्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा वापरल्यास वजन सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅम भरते. त्याच जाडीचा लोखंडी पत्रा वापरल्यास चार किलोंच्या जवळ जाते. सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड कोरडे असताना दोन किलोंच्या आत बसते, परंतु पाणी पिऊन ते संध्याकाळी सकाळपेक्षा जड होते आणि काही दिवसांनी फुगते. खेड्यातील सुतारास ते सहज साधते ही मात्र त्याची जमेची बाजू होय.

नेण्याच्या सोयीसाठी पन्हळ पन्नास सेंटिमीटरच्या दोन तुकड्यांत करावी. सांधा घराच्या कौलांसारखा असावा. वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्यावर दोन सेंटिमीटर चढलेले असले म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. उलट बसविल्यास सांध्यातून पाणी गळते व त्याबरोबर नेमके बारीक सोने जाते. वरच्या टोकाच्या कडा थोड्या बाहेर फाकवून तोंड रुंद केले, तर ओढ्याचे पाणी आपोआप आत वळते. तोंडाजवळचा दहा-पंधरा सेंटिमीटर भाग नुसता गुळगुळीत ठेवावा. वाळू तेथे टाकायची.

आता पाण्याचा हिशेब पाहू. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या व्यासाचा सोन्याचा गोल कण स्थिर पाण्यात सेकंदास दोन सेंटिमीटरांच्या आसपास वेगाने उतरतो. पन्हळीत पाण्याची खोली तीन सेंटिमीटर आणि वेग सेकंदास साठ सेंटिमीटर असेल, तर पृष्ठभागावरचा कण तळाशी पोचण्यास दीड सेकंद लागेल व तेवढ्यात तो नव्वद सेंटिमीटर पुढे गेलेला असेल. म्हणजे पन्हळीचे टोक जवळजवळ आलेच. पाण्याची खोली दीड सेंटिमीटर व वेग चाळीस सेंटिमीटर ठेवला, तर तोच कण अवघ्या तीस सेंटिमीटरांत तळ गाठतो. वाहत्या पाण्यातील खळबळ आणि कणाचा चपटेपणा यांमुळे प्रत्यक्षात अंतर वाढते, पण दोन्ही आकड्यांतील फरक आपली दिशा स्पष्ट करतो. पिठी सोने वाहून जाण्याचे सर्वांत सामान्य कारण पाण्याचा अतिरेक हे आहे. भरपूर पाणी सोडले म्हणजे काम झपाट्याने होते, असे पाहणाऱ्यास वाटते. वाळूचे काम खरेच झपाट्याने होते.

एवढा पातळ प्रवाह मिळविण्यासाठी पन्हळीस सुमारे पाच अंशांचा उतार द्यावा लागतो. म्हणजे एक मीटर लांबीत आठ-नऊ सेंटिमीटर घसरण. खालच्या टोकाशी दगड रचून ती साधता येते, वेगळे पाय बसवून वजन वाढवू नये. आडव्या अंगाने मात्र पन्हळ पूर्ण समतल हवी, नाहीतर एका कडेने धार लागते आणि दुसरी कडा वाळूने भरते. वेग मोजण्यास उपकरणाची गरज नाही. वाळलेले पान वरच्या टोकाशी सोडावे. दोन ते अडीच सेकंदांत ते खालून बाहेर पडले तर वेग ठीक समजावा.

तळाची रचना

गुळगुळीत तळावर बुडालेला कणही घसरत जातो. त्याला अडवून धरणारी, तरी वाळूस पुढे जाऊ देणारी रचना तळावर हवी. जाड सोन्यासाठी आडव्या लाकडी पट्ट्या ठोकण्याची पद्धत सर्वत्र आहे. पट्टीच्या मागे पाण्याचा भोवरा तयार होतो व त्यात जड कण अडकतात. परंतु उंच पट्टीमागचा भोवरा पिठी सोन्यास फार बलवान ठरतो. त्यासाठी खरबरीत, केसाळ किंवा बारीक खाचांचा तळ अधिक उपयोगी पडतो.

ही गोष्ट मनुष्याला फार पूर्वी कळलेली आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेस कॉल्किस देशातील लोक नदीतील सोने लोकरीच्या कातड्यांनी पकडतात व सोनेरी लोकरीची दंतकथा त्यावरून निघाली असावी, असे स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने नमूद केले आहे. सोळाव्या शतकात अग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येच्या ग्रंथातही कापड व कातडी अंथरलेल्या पन्हळींचे वर्णन येते. आज लोकरीच्या जागी रबराची रेषांकित चटई, खरबरीत गालिचा अथवा जाड तरट घालता येते. आपल्याकडील घोंगडीचा तुकडाही चालेल. त्यावर ताणलेल्या पत्र्याची जाळी अंथरून दोन पट्ट्यांनी घट्ट दाबावी. जाळी चटईपासून थोडीही उचललेली राहिली, तर तिच्याखालून पाणी वाहते व अडकलेले सोने धुऊन नेते. पन्हळ दोन तुकड्यांची असली तरी चटई एकसंध असावी. काम संपल्यावर ती गुंडाळून घेता येते.

वाळू ओंजळीने, सावकाश व सारख्या प्रमाणात टाकावी. जाळीच्या घरांत वाळू हलकीशी खदखदत राहिली पाहिजे. घरे रिकामी दिसू लागली तर पाणी जोराचे आहे. ती बुजून गेली तर पाणी कमी किंवा वाळू जास्त आहे. काही वेळाने घरांत काळी वाळू साचते. हिच्यात मॅग्नेटाइट व इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजे प्रामुख्याने असतात. मॅग्नेटाइटची घनता ५.२ असल्यामुळे गारगोटीप्रमाणे ती सहजासहजी निघून जात नाही. तिचा थर घट्ट बसला की नवे सोने आत शिरू शकत नाही आणि वरून वाहून जाते. म्हणून तास-दीड तासाने चटई काढून बादलीत झटकून धुणे आवश्यक आहे. हा खोळंबा कामकऱ्यास नकोसा वाटतो, आणि दिवसाच्या शेवटी एकदाच चटई धुण्याचा मोह होतो. असे करणाऱ्याने पन्हळीखालून पडणारी वाळू मधूनमधून काठवटीत धुवून पाहावी. पन्हळ नीट चालते की नाही, याची याहून प्रामाणिक परीक्षा नाही.

पाणी कमी असलेल्या ठिकाणी

वर वर्णिलेल्या पन्हळीस सेकंदाला जवळजवळ दोन लिटर पाणी लागते. पंधरा लिटरांची बादली आठ सेकंदांत संपेल. तेव्हा ही पन्हळ वाहत्या ओढ्यातच उपयोगी आहे. फेब्रुवारी-मार्चनंतर जेथे नुसती डबकी उरतात तेथे ‘पाळणा’ वापरावा. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तिकडे धावलेल्या लोकांनी हे साधन फार मोठ्या प्रमाणावर वापरले. वर चाळणी, खाली उतरते कापड व तळाशी खरबरीत चटई असलेला हा खोका दोन वक्र लाकडांवर बसवितात. एका हाताने तो झुलवायचा व दुसऱ्या हाताने पळीपळीने पाणी ओतायचे. झुलण्यामुळे वाळू सैल राहते, म्हणून पाण्याचा जोर लागत नाही आणि तेच पाणी खालच्या खड्ड्यातून पुन्हा उपसून घेता येते. काम पन्हळीच्या मानाने बरेच हळू होते, पण बारीक सोन्यास हा हळूपणा मानवतो.

पाऱ्याचा प्रश्न

बादलीत जमलेली काळी वाळू वाळवून तिच्यावरून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरविले म्हणजे मॅग्नेटाइट निघून जाते. इल्मेनाइटवर साध्या चुंबकाचा फारसा परिणाम होत नाही; ते काठवटीतच धुवावे लागते. या शेवटच्या टप्प्यावर कंटाळून जगातील असंख्य सोने धुणाऱ्यांनी पाऱ्याचा आश्रय घेतला आहे. पारा सोन्याला कवटाळतो, आणि तो गोळा तापविला की पारा उडून सोने शिल्लक राहते. उडालेला पारा मात्र नाहीसा होत नाही. तो तापविणाऱ्याच्या व त्याच्या शेजारी बसलेल्या मुलांच्या फुप्फुसांत जातो, मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना इजा करतो, आणि नदीत उतरलेला पारा माशांतून पुन्हा माणसाच्या ताटात येतो. पाऱ्याच्या संयुगांनी दूषित मासे खाल्ल्याने काय होते, हे जपानमधील मिनामाता या गावी १९५६ साली जगाच्या नजरेस आले. तेथील विष कारखान्याच्या सांडपाण्यातील होते. त्याच गावाचे नाव दिलेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला, २०१७ मध्ये अंमलात आला व भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. लहान प्रमाणावर सोने काढण्याचा व्यवसाय हाच आज मानवी कृतींतून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा उगम मानला जातो.

आरोग्याचा विचार क्षणभर बाजूस ठेवला, तरी पाऱ्याचा हिशेब तोट्याचाच ठरतो. घुसळल्याने पाऱ्याचे स्वतःचेच बारीक थेंब होतात आणि ते कवटाळलेल्या सोन्यासह वाहून जातात. शिवाय अॅल्युमिनियमच्या पन्हळीस पारा लागला तर धातू भराभर कुजून तिची चाळण होते. त्याऐवजी काठवटीत शक्य तितकी स्वच्छ केलेली जड वाळू टाकणखाराबरोबर मुशीत वितळविण्याची रीत फिलिपाइन्समधील बेंगेट प्रांतात रूढ आहे. टाकणखारामुळे सोबतची खनिजे लवकर वितळून मळीच्या रूपाने वर येतात व सोन्याचा मणी तळाशी उरतो. आपल्या सोनारांना टाकणखार नवीन नाही. या रीतीची एकच अट आहे. मुशीत जाणाऱ्या द्रव्यात सोन्याचे प्रमाण भरपूर हवे. पन्हळ नीट चालवून, काठवटीत धीराने शेवटचे धुणे केले तरच ते साधते. पाऱ्याची गरज पुष्कळदा पन्हळीच्या बेशिस्तीतून उत्पन्न होते, ती अशी.

हे सर्व वाचून हौसेने नदीवर जाणाऱ्या नागरी वाचकाने एवढे ध्यानात घ्यावे की खाणी व खनिजे यांविषयीच्या १९५७ च्या केंद्रीय कायद्यानुसार खनिजाचा शोध वा उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही. नदीचे काठ उकरणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण काठ ढासळला की खालच्या गावचे पाणी गढूळ होते.

चाळणी, बादली, काठवट, गुंडाळलेली चटई आणि दोन तुकड्यांची पन्हळ मिळून ओझे सात-आठ किलोंच्या आसपास होते. दिवस संपल्यावर पन्हळीचे सांधे व कोपरे ब्रशाने घासून ते पाणीही बादलीतच घ्यावे. तरट वापरले असेल तर ते हंगामाअखेर फेकून देऊ नये. धुऊन धुऊनही त्याच्या धाग्यांत सूक्ष्म कण रुतून राहतात. ते पूर्ण वाळवून लोखंडी घमेल्यात जाळावे आणि राख काठवटीत धुवावी. रबराची अगर कृत्रिम धाग्याची चटई मात्र जाळू नये, तिचा धूर विषारी असतो. राख पाण्यावर तरंगू नये म्हणून तीतही साबणाचा एक थेंब टाकावा, आणि ती वाळूहून सावकाश फिरवावी.